राणीसाहेबांची गाडी

तो माणूस गाडी बघायला आला, त्यानं चपला काढल्या आणि मागचं दार उघडून आत जाऊन झोपला.

मी बॉनेटपाशी चावी घेऊन उभाच. जुनी गाडी घ्यायला आलेला माणूस आधी इंजिन बघतो, टायरला लाथ मारतो, मग तोंड वाकडं करून भाव पाडतो. हा आत उताणा पडला होता, दोन्ही हात अंगालगत, पाय सरळ. मिनिटभर हललाच नाही. मग त्यानं मान डावीकडं वळवून काचेतून माझ्या कारखान्याची भिंत बघितली आणि उजवीकडं वळवून आमच्या अंगणातल्या मिरच्या बघितल्या. हमीदा, म्हणजे माझी बायको, तिथं मिरच्या उलथत होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि सरळ घरात गेली.

"पडल्या पडल्या सगळं दिसतंय की," तो आतून म्हणाला. त्याला आनंद झाला होता. त्या आनंदानंच माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली.

गाडी शववाहिनी होती, हे आधी सांगायला पाहिजे. बेळगावच्या कॅम्पात पास्कल नावाचा शवपेट्या करणारा सुतार होता, त्यानं जुन्या डॉजवर स्वतःच्या हातानं बांधलेली. काळीकुळकुळीत, तिन्ही बाजूंना मोठ्या काचा, आत सागवानी पाट आणि पाटाला लाकडी रूळ. पेटी नुसती ढकलली की लोण्यासारखी आत जायची. पास्कल म्हातारा झाला, धंदा बंद केला, तेव्हा मी ती उचलली. मी मिरजेचा, तंबोरे करणारा. तंबोरा उभा नेता येत नाही, वाकडा नेता येत नाही, आणि एसटीच्या टपावर टाकला तर पोचेपर्यंत भोपळा फुटतो. या गाडीत सहा तंबोरे ऐसपैस झोपायचे. स्प्रिंगा तर इतक्या मऊ की खड्डा आला तरी तारा वाजायच्या नाहीत.

आमच्यात जनाजा खांद्यावरून जातो, त्यामुळे त्या गाडीचं मला कधी काही वाटलं नाही. वरचे पितळी क्रूस मी मानानं पास्कलच्या स्वाधीन केले आणि बाकी गाडी मजेत वापरली. बाजाराला तीच, लग्नाला तीच, आंब्याच्या दिवसांत हमीदाच्या चारी बहिणींना मागं बसवून मळ्यावर न्यायलाही तीच. परक्या गावातून गेलं की लोक सायकलवरून उतरायचे, टोपी काढायचे, डोळे मिटून हात जोडायचे. आत तंबोरे असायचे. मी पुढून गंभीर चेहरा करून मान हलवायचो आणि गाव मागं पडलं की पोट धरून हसायचो. पोलिसांनी तर सहा वर्षांत एकदाही हात दाखवला नाही.

मग पुण्याच्या एका गायिकाबाईंनी त्यांचे तंबोरे या गाडीतून उतरताना बघितले. आठ दिवसांनी चारही तंबोरे परत आले. सोबत चिठ्ठी, की षड्ज थंड लागतो. मी चारही लावून बघितले, षड्ज चांगला ठणठणीत होता. पण गाण्याच्या जगात असली बातमी पसरायला वेळ लागत नाही. धारवाडहून एक मागणी रद्द झाली, मग सोलापूरहून. हमीदा म्हणाली, गाडी ठेवा नाहीतर दुकान ठेवा. माझ्या आजोबांपासूनचं नाव होतं ते. म्हणून मी गाडी विकायला काढली, आणि दोन महिन्यांनी पहिलं गिऱ्हाईक आलं ते हे, आत झोपलेलं.

नाव बुदिहाळकर. निपाणीचा, पोस्टातून निवृत्त झालेला. बारीक अंगाचा, स्वच्छ धुतलेला शर्ट, खिशात घडी केलेली मोजपट्टी. त्यानं पाटाची लांबी मोजली, रुंदी मोजली, पाटापासून काचेच्या खालच्या कडेपर्यंतची उंची दोनदा मोजली. इंजिनाबद्दल एक अक्षर नाही. मग म्हणाला, मी आत झोपतो, तुम्ही जरा गावातून चालवून आणा. मी म्हटलं, पुढं बसा की. तर म्हणाला, नको, मागंच बरं.

मी त्याला रेल्वेच्या फाटकावरून नेऊन आणलं. मिरज मला ओळखते, तरी त्या दिवशी आत खरंच माणूस आडवा दिसल्यावर किराणावाल्या शहांनी दुकानातून उठून हात जोडले. आरशात बघितलं तर बुदिहाळकर त्यांच्याकडं टक लावून बघत होता आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता.

परत आल्यावर त्यानं एकेक विचारायला सुरुवात केली. ब्रेक दाबला की आतलं घसरतं का. घसरू नये म्हणून रूळ काढून तिथं गादी बसवता येईल का. बाजूची काच आतून उघडेल असं करता येईल का. छताचं जांभळं कापड बदलून देता का. मी सगळ्याला हो म्हणत होतो आणि हळूहळू माझाच आवाज मला बारीक वाटायला लागला होता.

"नाक्यावर अडवतात का हो हिला?" त्यानं शेवटी विचारलं.

"सहा वर्षांत नाही अडवली."

"बरं आहे. मला दर गुरुवारी मिरजेत यायचं असतं."

"काय काम असतं?"

"असतं," तो म्हणाला आणि चपला घालायला लागला. मग खाली बघतच बोलला, "एक विनंती आहे, बाबालालभाई. ही गाडी आधी काय होती, ते निपाणीकडं कुणी विचारलं तर सांगू नका. तुमच्याकडून घेतली हेही नको."

आणि मी सांगितलेल्या किमतीला त्यानं घासाघीस केली नाही. खरं सांगतो, बाकीचं सगळं एकवेळ मी पचवलं असतं, पण घासाघीस न करणारा माणूस मी आयुष्यात बघितला नव्हता.

गाडीचं काम कल्लाप्पा बघायचा, माझा लहानपणापासूनचा दोस्त आणि तालुक्यातला सगळ्यात आगाऊ मेकॅनिक. रूळ काढता काढता मी त्याला सगळं सांगितलं. तो गाडीखालीच होता, तिथून त्याचे फक्त पाय दिसत होते. ते पाय हलायचे थांबले.

"गोव्याची दारू," तो खालून म्हणाला.

"कशावरून?"

"अरे, निपाणीवरनं दर गुरुवारी. पोलीस अडवत न्हाईत. आतलं घसराय नको. आन कुणाला सांगू नका. अजून काय त्यानं लिहून द्याय पायजे व्हय तुला?" मग तो बाहेर आला, हात पुसले आणि खरी गोष्ट बोलला. "कागद तुझ्या नावावर हाईत. ते बदलायला म्हैनाभर जाईल. तवर गाडी धरली तर नाव तुझं येतंय, बाबालाल. आधीच लोक तुझ्या तंबोऱ्याला नाकं मुरडत्यात."

मला ती आतून उघडणारी काच का हवी ते कळत नव्हतं. दारूच्या बाटल्यांना वारा कशाला पाहिजे? पण एकदा डोक्यात किडा शिरला की तो उलट प्रश्न विचारू देत नाही. मला वाटलं, काचेतून कुणीतरी मागं लक्ष ठेवत असेल. त्यानं पाटावर झोपून बघितलं तेही म्हणूनच. हमीदाचं तर वेगळंच. ती म्हणाली, मेल्यासारखा झोपला होता तो, असल्या माणसाच्या मनात काय असेल सांगता येत नाही, कुणाचा जीव तर घेणार नाही ना? त्या रात्री आम्ही दोघं जेवलो कमी आणि बोललो जास्त.

बुधवारी बुदिहाळकर गाडी न्यायला आला. गादी बघून त्यानं हातानं चारी बाजूंनी दाबली. छताला मी निळं कापड लावलं होतं, ते बघून तो म्हणाला, आकाशासारखं झालंय. असल्या गोड बोलण्यावर आता मी भुलणार नव्हतो. कागद बदलायचे अर्ज आम्ही सह्या करून ठेवले. तो गाडी घेऊन वळणाआड गेला आणि मी लगेच लूना काढून म्हैसाळच्या पुढच्या नाक्यावर गेलो.

तिथं सूर्यवंशी हवालदार होते. त्यांच्या मेहुण्याला मी एकदा स्वस्तात बाजाची पेटी दुरुस्त करून दिली होती, तेवढीच ओळख. मी त्यांना सांगितलं की उद्या सकाळी एक काळी शववाहिनी येईल, तिच्यात मढं नसणार. त्यांनी मिशीवर हात फिरवला आणि बघतो म्हणाले. परतताना मला हलकं वाटायला पाहिजे होतं. तसं काही वाटलं नाही.

गुरुवारी सकाळी नऊला मी नाक्यासमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. मी सांगितलं असतं की सहज आलोय, पण कुणी विचारलं नाही. टपरीवर आठदहा माणसं होती, ऊसतोडीचे दोघे मुकादम, एक दुधवाला, बाकी गावातले. सूर्यवंशी नाक्याच्या खोलीत पेपर वाचत होते.

साडेनऊला गाडी दिसली. हळू येत होती, अगदी माणूस भरभर चालेल तेवढ्या वेगानं. टपरीवरचा आवाज बंद झाला. दुधवाल्यानं टोपी काढली. मुकादमांनी बिड्या टाकून पायाखाली चिरडल्या. सगळे उभे राहिले, हात जोडले, डोळे मिटले. मीही उभा राहिलो, पण डोळे मिटले नाहीत, मला बघायचं होतं.

गाडी आमच्यासमोर आली आणि आतून, पाटाच्या उंचीवरून, एक हात वर आला. बांगड्या घातलेला. तो हात काचेला टेकला आणि आमच्याकडं बघून हलायला लागला.

दुधवाल्यानं त्याच वेळी डोळे उघडले होते. तो दचकून मागं सरला आणि कोपर लागून टपरीवरचा चहाचा ग्लास खाली गेला. एक मुकादम दोन पावलं मागं सरून बाकड्यावर बसला आणि बाकडं त्याच्यासकट आडवं झालं.

सूर्यवंशींनी शिटी मारली. गाडी थांबली. बुदिहाळकर उतरला, त्याच्या चेहऱ्यावर रक्त म्हणून नव्हतं. हवालदार दरडावून विचारणार, एवढ्यात त्यानं त्यांच्या दंडाला धरलं आणि गाडीपासून लांब ओढलं. मी जवळ गेलो.

"साहेब, काय विचारायचं ते मला विचारा," तो अगदी हळू बोलत होता. "पण शववाहिनी हा शब्द मोठ्यानं काढू नका. आत माझी बायको आहे. तिला माहीत नाही." मग त्याचं लक्ष माझ्याकडं गेलं. मी तिथं का आहे, हे त्याला कळायला फार वेळ लागला नाही. पोस्टातला माणूस, पत्ता बघून पत्र ओळखणारा.

"तुम्ही सांगितलंत यांना?"

"मला वाटलं दारू," मी म्हटलं.

तो मला शिव्या देईल असं वाटलं होतं. त्यानं नुसती मान हलवली, जणू हेही होणारच होतं. मग त्यानं सांगितलं. अकरा वर्षांमागं शालन, म्हणजे त्याची बायको, माळ्यावरून डबा काढताना पडली. कंबरेखालचं सगळं गेलं. बसवलं की पाचव्या मिनिटाला डोळे फिरवते, म्हणून सतत आडवी. दर गुरुवारी तिला मिरजेला डॉक्टरांकडं आणायचं. अकरा वर्षं अॅम्ब्युलन्समधून आणलं, आणि अॅम्ब्युलन्सच्या काचा दुधी.

"अकरा वर्षं तिनं रस्ता बघितला नाही, बाबालालभाई. नुसता ऐकला. आता कुठं आलो, पूल आला का, हे मला विचारायची. झोपून बाहेर बघता येईल अशी एकच गाडी मला सुचली. एका नगरपालिकेत जुनी होती, तिथं जाऊन खरं सांगितलं, तर हाकलून दिलं. जिवंत बाईला असल्या गाडीत घालतोस, लाज नाही वाटत, म्हणाले. सख्खा भाऊ तेच बोलला. म्हणून तुम्हाला काही सांगितलं नाही. तुम्ही विकली नसती."

मी विकली असती की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. तेव्हा मात्र मला स्वतःची लाज वाटली, इतकी की मी हवालदारांकडंही बघू शकलो नाही.

"तिला काय सांगितलंय?" सूर्यवंशींनी विचारलं. त्यांचाही आवाज खाली आला होता.

"संस्थानची गाडी आहे म्हणून. राणीसाहेब आजारी असायच्या, त्यांच्यासाठी बांधून घेतलेली. लोक हात जोडतात ना, ते मी आधीच बघून ठेवलं होतं. तिला म्हटलं, जुने लोक अजून मान देतात."

सूर्यवंशी म्हणाले की अडवलंय तर वहीत लिहावं लागेल, कागद घेऊन आत या. ते दोघे खोलीत गेले. मी गाडीजवळ एकटा राहिलो. टपरीवरची माणसं लांबूनच बघत होती, जवळ यायची हिंमत कुणाची होत नव्हती.

काच आतून सरकली. मीच सरकती करून दिली होती.

"तुम्ही गाडीवाले काय?" आतून आवाज आला. पन्नाशीची बाई, हातभर केस उशीवर नीट पसरलेले, कपाळाला मोठं कुंकू. कुठं लग्नाला निघाल्यासारखी नटलेली होती.

"हो, वहिनी."

"संस्थानची होती म्हणं?"

मी आयुष्यात बरंच खोटं बोललोय, पण इतकं मनापासून कधी बोललो नव्हतो. "हो. खुद्द राणीसाहेबांची."

ती हसायला लागली. आवाज न करता, खोलीकडं एक डोळा ठेवून.

"म्हंजे तुम्हीबी त्यांच्यात सामील. आवो, राणीच्या गाडीला लोक मुजरा करतील. टोपी काढून, डोळे मिटून कोण हुबं राहतंय? आमच्या आळीतनं अशा गाड्या जाताना मी काय बघितल्या न्हाईत व्हय? काल दारात गाडी आली तवाच मी वळखलं."

मी म्हटलं, "मग त्यांना सांगत का नाही?"

"सांगितलं तर हे उद्याच विकतील गाडी. लई मनाला लावून घेत्यात. आन मी परत त्या दुधी काचंच्या आत." तिनं हात बाहेर काढून ऊन तळव्यावर घेतलं. "आज चिकोडीच्या फुडं करडईचं रान बघितलं. केवढं पिवळं झालंय. लोकांचं काय, हात जोडत्यात तर जोडू देत. मी आपली हात हलवते. घाबरत्यात बिचारी, पण मला लई गंमत वाटती." मग ती गंभीर झाली. "तुम्हाला म्हणून सांगितलं. त्यांना कळू द्यायचं न्हाई, कधीच न्हाई. शबूद द्या."

मी शब्द दिला.

बुदिहाळकर परत आला तेव्हा तिनं तोंड सरळ केलं होतं. काय बोलत होतीस, त्यानं विचारलं. ती म्हणाली, राणीसाहेब दिसायला कशा होत्या ते यांना विचारत होते. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी म्हटलं, फार देखण्या होत्या. त्याच्या जिवात जीव आला. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला की लोकांचं हे हात जोडणं कधीतरी अंगाशी येईल, तिला संशय येईल, तर गुढीपाडव्यानंतर गाडीला पिस्त्याचा रंग देतो. आतून ती ओरडली की काय कुजबुज चाललीय, आणि रंगाचं ऐकल्यावर म्हणाली, "काळीच बरी. शोभून दिसती."

सूर्यवंशींनी फाटक उघडलं आणि खाडकन सलाम ठोकला. शालनवहिनींनी मान तुकवून तो घेतला.

त्यानंतर सात वर्षं, दर गुरुवारी दहाच्या सुमारास ती गाडी माझ्या दुकानावरून जायची. मी दारात उभा राहून वाकून मुजरा करायचो, डोळे उघडे ठेवून. आतून हात हलायचा. माझं दुकान बुडालं नाही. हमीदा सुरुवातीला आत पळायची, नंतर तीही पायरीवर येऊन उभी राहायला लागली, आणि लोणच्याची बरणी काचेतून आत द्यायला लागली.

एका गुरुवारी गाडी आली नाही. पुढच्याही आली नाही. महिन्यानं बुदिहाळकर स्वतः आला, गाडी दुकानासमोर लावली आणि माझ्याजवळ भोपळ्यांच्या ढिगाशेजारी बसला. एका भोपळ्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "खांद्यावरून नेलं तिला. भाऊ म्हणाला, गाडी दारात आहे की. मी म्हटलं, ती तिची फिरायची गाडी आहे, त्यासाठी नाही."

मी पाणी दिलं. तो म्हणाला की गाडी आता विकायची आहे, पण कुणाला तरी फिरायलाच द्या, दुसऱ्या कामाला नको. मी हो म्हटलं. चावी माझ्या हातात देताना त्यानं ती जरा वेळ सोडली नाही.

"एक विचारू? तुमच्याशी ती बोलायची. तिला कधी कळलं तर नव्हतं ना, गाडी कसली होती ते?"

"नाही," मी म्हटलं. "कसं कळणार? गाडी राणीसाहेबांची होती."